तीन पेडांचा पीळ

काथ्याचा दोर वळताना ज्याने पाहिलाय, त्याला कोलॅजेन चटकन कळेल. प्रत्येक पेडाला एका दिशेने पीळ आणि तिन्ही पेड मिळून उलट्या दिशेने, म्हणून दोर सुटत नाही. आपली कातडी, हाडं, कंडरा ज्या प्रथिनावर तगून आहेत, त्याची घडण अशीच आहे. ती पहिल्यांदा मांडली गेली मद्रासमध्ये.

१९५२ साली जी. एन. रामचंद्रन मद्रास विद्यापीठात भौतिकशास्त्राचे प्रमुख झाले, तेव्हा ते तिशीत होते. कोलॅजेनचं कोडं अजून सुटलेलं नाही, हे त्यांच्या कानावर घातलं पाहुणे म्हणून आलेल्या जे. डी. बर्नाल यांनी. क्ष-किरणांच्या छायाचित्रांसोबत एक धागा हाती होता: या प्रथिनातला दर तिसरा घटक (अमिनो आम्ल) ग्लायसीन. गोपीनाथ कर्था यांच्यासह त्यांनी १९५४ मध्ये 'नेचर'मध्ये तीन साखळ्यांची रचना मांडली आणि पुढच्याच वर्षी तिला दोराचा तो एकत्रित पीळ दिला.

मग आक्षेप आला, तोही डीएनएच्या रचनेमुळे नावाजलेले क्रिक आणि त्यांचे सहकारी रिच यांच्याकडून: तुमच्या रचनेत काही अणू नको इतके जवळ आलेत. रचनेचा तपशील पुढे सुधारावा लागला, हे खरंच. पण मला मोठं वाटतं ते रामचंद्रन यांनी पुढे केलेलं काम. अणू एकमेकांच्या किती जवळ येऊ शकतात, हे त्यांनी प्रसिद्ध झालेल्या स्फटिकरचना चाळून नव्याने ठरवलं. साखळीतले घटक जोडणारा पेप्टाइड बंध सपाट आणि ताठ असतो. साखळी वळते ती प्रत्येक घटकापाशी असलेल्या दोनच सांध्यांवर, फाय आणि साय या कोनांत. हे दोन कोन आलेखाच्या दोन अक्षांवर घेतले आणि अणू जिथे एकमेकांवर आदळतात त्या जागा खोडल्या, तर बहुतेक कागद रिकामा राहतो; उरतात मोजकी बेटं. शशिशेखरन आणि रामकृष्णन यांच्यासह १९६३ मध्ये छापलेला हाच तो रामचंद्रन आलेख.

ग्लायसीनला मात्र या कागदावर बरीच मोकळीक आहे, कारण त्याची बाजूची शाखा म्हणजे नुसता एक हायड्रोजन. कोलॅजेनच्या तीन पेडांच्या मधोमध मावतं तेही तेवढंच. तिथे एका ग्लायसीनच्या जागी मोठा घटक आला, तरी हाडं ठिसूळ होणारा आजार जडू शकतो.

आज प्रथिनाची कोणतीही नवी रचना या आलेखावर तपासली जाते. एखाद्या घटकाचा ठिपका निषिद्ध भागात पडला, की संशोधक आधी बघतो: ते ग्लायसीन तर नाही?