विश्लेषण : कॅथलिक ‘उजवा’ की ‘डावा’? शिकागोतील एका पुरस्कारावरून अमेरिकेत वाद का पेटला?

सप्टेंबर २०२५ मध्ये शिकागोच्या महाधर्मप्रांताने एका सिनेटरला जीवनगौरव पुरस्कार द्यायचे ठरवले आणि अमेरिकेतील कॅथलिक चर्चमध्ये दोन तट पडले. बिशपच बिशपांविरोधात बोलू लागले. शेवटी प्रश्न थेट पोपपर्यंत गेला.

नेमके प्रकरण काय?

पुरस्कार होता डेमोक्रॅटिक पक्षाचे डिक डर्बिन यांना, स्थलांतरितांसाठी अनेक वर्षे केलेल्या कामाबद्दल. डर्बिन कॅथलिक आहेत, पण गर्भपाताच्या हक्काचे समर्थकही. म्हणून स्प्रिंगफील्ड या त्यांच्या धर्मप्रांतात २००४ पासून त्यांना कम्युनियन दिले जात नाही. मिस्सेत बाकीचे रांगेने पुढे जात असताना आपल्याला ख्रिस्तप्रसाद नाकारला जाणे, ही श्रद्धावान माणसासाठी साधी गोष्ट नव्हे. तिथले बिशप थॉमस पॅप्रोकी यांनी पुरस्काराला जाहीर विरोध केला, तर शिकागोचे कार्डिनल ब्लेझ क्युपिच आपल्या निर्णयावर ठाम राहिले. अखेर ३० सप्टेंबरला डर्बिन यांनीच पुरस्कार नाकारला.

पोप काय म्हणाले?

पोप लिओ चौदावे मूळचे शिकागोचेच. त्याच दिवशी पत्रकारांनी विचारल्यावर ते म्हणाले, सिनेटरचे एकूण काम पाहायला हवे. गर्भपाताला विरोध, पण फाशीला पाठिंबा, ही भूमिका खऱ्या अर्थाने ‘प्रो-लाइफ’ म्हणता येणार नाही. स्थलांतरितांना मिळणाऱ्या अमानुष वागणुकीला संमती देणाऱ्यांबद्दलही त्यांनी तीच शंका व्यक्त केली.

अमेरिकेच्या राजकारणात ‘प्रो-लाइफ’ हा रिपब्लिकनांचा शिक्का. स्थलांतरितांची बाजू घेतली की डेमोक्रॅट. अडचण अशी की चर्चची शिकवण गर्भपाताला विरोध करते, स्थलांतरितांच्या सन्मानाचा आग्रह धरते आणि २०१८ पासून फाशीची शिक्षा पूर्णपणे अमान्य ठरवते. ही सगळी शिकवण मानणाऱ्याला दोन्हींपैकी एकही पक्ष पुरता आपला वाटणार नाही.

हे पोप पहिल्यांदाच बोलले असेही नाही. शिकागोचेच कार्डिनल जोसेफ बर्नार्डिन यांनी १९८३ मध्ये गर्भपात, अण्वस्त्रे आणि फाशी हे प्रश्न एकाच धाग्यात ओवले होते. येशूच्या बिनशिवणीच्या अंगरख्यावरून ही मांडणी ओळखली जाते. मधून फाडला तर तो अंगरखा उरत नाही! पण राजकारणाला नेमके फाडलेले तुकडेच सोयीचे पडतात.

शिक्के कधीपासून?

पूर्वी संशय वेगळाच होता : कॅथलिक अध्यक्ष झाला तर देश रोमहून चालेल. १९२८ मध्ये अल स्मिथ यांना याचा फटका बसला. १९६० मध्ये जॉन केनेडींना ह्यूस्टनला जाऊन प्रोटेस्टंट धर्मगुरूंसमोर सांगावे लागले, की आपण कॅथलिकांचे नव्हे, तर पक्षाचे उमेदवार आहोत. त्या निवडणुकीत बहुसंख्य कॅथलिकांनी त्यांना मत दिले. १९७३ च्या ‘रो विरुद्ध वेड’ निकालाने गर्भपाताचा हक्क दिला आणि पुढच्या काळात ही मतपेढी फुटत गेली. आज गोरे कॅथलिक बहुसंख्येने रिपब्लिकनांकडे, तर हिस्पॅनिक कॅथलिक अधिक डेमोक्रॅटांकडे झुकतात. प्रार्थना तीच, बायबल तेच.

सर्वोच्च न्यायालयातही हेच दिसते. २०२२ मध्ये तो हक्क काढून घेणाऱ्या बाजूला बहुतेक कॅथलिक न्यायमूर्ती होते. विरोधी निकालावर सही करणाऱ्या सोनिया सोटोमायर याही कॅथलिकच.

मग व्हान्स यांचे काय?

उपाध्यक्ष जे. डी. व्हान्स २०१९ मध्ये कॅथलिक झाले. आधी कुटुंब, मग शेजारी, मग देश आणि त्यानंतर बाकीचे जग, असा प्रेमाचा क्रम त्यांनी स्थलांतरितांच्या वादात मांडला. १० फेब्रुवारी २०२५ रोजी पोप फ्रान्सिस यांनी अमेरिकी बिशपांना पत्र लिहून चांगल्या शमरोनीच्या दाखल्याची आठवण करून दिली. वाटेत जखमी पडलेल्या अनोळखी माणसाला परकाच मदत करतो, तो हा दाखला. पत्रात व्हान्स यांचे नाव नव्हते, पण रोख कुणाकडे होता हे सर्वांना कळले.

बिशप कोणत्या बाजूला?

नोव्हेंबर २०२५ मध्ये बाल्टिमोरच्या बैठकीत बिशपांनी ओक्लाहोमा सिटीचे आर्चबिशप पॉल कोकली यांना परिषदेचे अध्यक्ष निवडले. बातम्यांत त्यांची ओळख ‘कंझर्व्हेटिव्ह’ अशी आली. दुसऱ्याच दिवशी त्याच सभागृहाने स्थलांतरितांच्या सरसकट हद्दपारीला विरोध करणारा संदेश मंजूर केला. बाजूने २१६ मते, विरोधात पाच.