आडवाटेवरचे भोजन : जपानचे डोंगर आणि खानदेशचे शेत

जेवणासाठी मुद्दाम आडवाटेच्या ठिकाणी जाणे, तेथे मुक्काम करणे आणि त्या भूमीत त्या ऋतूत जे पिकते तेच खाणे, ही जपानमध्ये जुन्या काळापासून रुजलेली पद्धत आहे. आणि खानदेशात, विशेषतः जळगाव जिल्ह्यातील तापीकाठच्या गावांत हिवाळ्यात होणाऱ्या भरीत पार्ट्या पाहिल्या, तर मुक्काम वगळता या पद्धतीची बहुतेक अंगे तेथेही आढळतात. दोहोंतला खरा भेद रांधणाऱ्याच्या कौशल्याचे मोल कसे ठरते, यात आहे.

जपानमधील पारंपरिक अतिथिगृहाला ‘रियोकान’ म्हणतात. विणलेल्या चटयांच्या खोल्या, बहुतेक ठिकाणी गरम पाण्याच्या झऱ्याचे स्नान आणि मुक्कामाच्या दरातच धरलेले रात्रीचे जेवण व सकाळची न्याहारी, असे त्याचे सर्वसाधारण स्वरूप असते. यामानाशी प्रांतातील डोंगरात असलेले ‘केइउनकान’ इ. स. 705 मध्ये स्थापन झाले असे मानले जाते आणि जगातील सर्वांत जुने अतिथिगृह म्हणून त्याची गिनीज विक्रमांत नोंद आहे. अशा ठिकाणी वाढल्या जाणाऱ्या क्रमबद्ध भोजनाला ‘काइसेकी’ म्हणतात. त्यात आधी घासाघासाचे आरंभिक पदार्थ, मग निवळ रस्सा, कच्च्या माशाचे काप, भाजलेला पदार्थ, शिजवलेल्या भाज्या आणि अखेरीस भात, लोणचे व मिसो म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनचे सूप, असा साधारण क्रम असतो. प्रत्येक पदार्थ थोडाच असतो आणि भांड्यापासून सजावटीच्या पानापर्यंत सर्व काही चालू ऋतूला धरून निवडलेले असते. ऋतूशी जोडलेल्या या जपानी भोजनसंस्कृतीचा युनेस्कोने 2013 मध्ये अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत समावेश केला.

आडवाटेच्या भोजनगृहांची दोन उदाहरणे येथे पुरेशी आहेत. क्योतो शहराच्या उत्तरेस हानासे येथील डोंगरात असलेले ‘मियामासो’ हे मुळात बुजोजी या बौद्ध मंदिराच्या यात्रेकरूंसाठी 1895 मध्ये बांधलेले निवासस्थान होते, आणि पुढे त्याच कुटुंबाने परिसरातील रानभाज्या, कोंब आणि नदीतील मासे यांवर आधारलेली पाकशैली घडवून त्याला मोठी कीर्ती मिळवून दिली. दुसरे ‘लेव्हो’ हे भोजनगृह तोयामा शहरात चाललेले असताना, त्याच्या मुख्य आचाऱ्याने 2020 मध्ये ते बर्फाळ डोंगरातील तोगा या विरळ वस्तीच्या गावी हलवले आणि सोबत राहण्याच्या काही खोल्याही उभारल्या. माल शहरात मागवण्यापेक्षा तो पिकतो तेथेच चूल मांडावी आणि पाहुण्याला तेथवर यायला लावावे, हा या दोन्ही ठिकाणांमागचा विचार आहे.

हाच विचार, नाव न देता, खानदेशातील भरीत पार्टीत दिसतो. उत्तरेस सातपुडा आणि दक्षिणेस अजिंठ्याची रांग यांच्यामधल्या तापीच्या काळ्या जमिनीत, बामणोद, भालोद, आसोदा अशा गावांच्या शिवारांत, फिकट हिरव्या रंगाचे, पांढुरके पट्टे असलेले, आकाराने मोठे आणि बिया कमी असलेले वांगे पिकते. ‘जळगाव भरीत वांगे’ या नावाने त्याला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन, म्हणजे विशिष्ट प्रदेशाशी निगडित उत्पादनाला कायद्याने मिळणारी ओळख, प्राप्त झाले आणि त्याच वर्षी जळगावच्या केळीलाही तो मान मिळाला. दिवाळीनंतर थंडी पडू लागली, की नातेवाईक, मित्र आणि बाहेरगावचे पाहुणे शेतावर बोलावले जातात, आणि मळ्यातून नुकतीच तोडलेली वांगी कपाशीच्या वाळलेल्या काड्यांच्या जाळावर भाजली जातात.

या रीतीतील प्रत्येक गोष्टीला कारण आहे. कपाशीच्या काड्या शेतातच पडलेल्या असल्याने विकतचे सरपण लागत नाही, आणि त्यांचा जाळ चटकन भडकत असल्यामुळे वांग्याची साल करपून सुटते व आतल्या गराला धुराचा वास लागतो. सोललेला गर ‘बडगी’ नावाच्या लाकडी भांड्यात मुसळीने ठेचतात. मिक्सरमध्ये त्याचा लगदा होतो, तर ठेचल्याने धागा टिकतो. मग तेलात हिरवी मिरची, लसूण, शेंगदाणे, खोबऱ्याचे काप आणि कांद्याची पात घालून तो परततात आणि केळीच्या पानावर कळण्याच्या भाकरीबरोबर किंवा पुरीबरोबर वाढतात. कळणा म्हणजे ज्वारी आणि सालासकट उडीद एकत्र दळून केलेले पीठ. मुख्य पदार्थ एकच असला, तरी वांगे, ज्वारी, उडीद, मिरची, केळीचे पान आणि सरपण हे सारे त्याच परिसरातून येते.

ऋतूची शिस्तही येथे धर्माचाराने सांभाळली आहे. चातुर्मासात अनेक घरांत वांगे आणि कांदा वर्ज्य असतो, आणि मार्गशीर्ष शुद्ध षष्ठीला, म्हणजे चंपाषष्ठीला, खंडोबाला भरीत-रोडग्याचा नैवेद्य दाखवल्यावर ते पुन्हा खाल्ले जाते. त्यामुळे वांग्याला खरी चव येण्याचा काळ आणि ते खाण्याची मुभा यांचा मेळ बसतो. उन्हाळ्यात हेच स्थान मांड्यांना मिळते. जळगाव आणि धुळे या दोन्ही जिल्ह्यांत अक्षय्यतृतीयेला, म्हणजे अहिराणीतल्या आखाजीला, माहेरी आलेल्या लेकींसाठी आमरसाबरोबर पुरणाचे मांडे केले जातात. चुलीवर उपडे घातलेले मातीचे खापर तापवून, पुरण भरलेली सैल कणीक दोन्ही हातांवर झेलत ताटाहून मोठी पसरवायची आणि फाटू न देता त्या खापरावर टाकायची, हे काम वर्षानुवर्षांच्या सरावाशिवाय जमत नाही.

मियामासोसारख्या ठिकाणी असे कौशल्य आचाऱ्याच्या नावाने ओळखले जाते आणि त्याचा दर पाहुणा समजून-उमजून देतो. खानदेशात मात्र भरिताचा जाळ सांभाळणारा गडी आणि मांडे करणारी बाई यांची कीर्ती बहुधा भावकीपुरती आणि गावापुरती राहते. पाहुणचार विकायचा नसतो ही येथील धारणा आदरणीय आहे, परंतु तिच्यामुळे बाहेरच्या खवय्याला या जेवणापर्यंत पोहोचायचे असेल तर ओळखीचा यजमान शोधावा लागतो, आणि ज्याची ओळख नाही तो जळगावातील भरीत केंद्रांवर किलोने मिळणारे तयार भरीत घेऊन परततो. ते भरीत चवीला चांगले असते, पण मळा, जाळ आणि पंगत त्यात नसते.

महाराष्ट्र शासनाने 2020 मध्ये कृषी पर्यटन धोरण जाहीर केल्याने शेतकऱ्याला आपल्या शेतावर पाहुण्यांच्या राहण्या-जेवणाची सोय अधिकृतपणे करता येते. त्याचा उपयोग करताना पंजाबी आणि चिनी पदार्थांची यादी न लावता, हिवाळ्यात भरीत, आखाजीच्या सुमारास मांडे आणि एरवी शेतात जे असेल ते, एवढेच वाढण्याचे धैर्य यजमानाने दाखवावे, रांधणाऱ्या बाईचे नाव पाटीवर लिहावे आणि तिच्या कामाचे पैसे वेगळे धरावेत. पाहुण्यानेही हंगाम नसताना भरिताचा हट्ट धरू नये.