चिखलदऱ्याला जाताय? मग दरी नीट पाहून या

मागच्या महिन्यात तीन गटांनी एकच गोष्ट विचारली. चिखलदऱ्याला एका दिवसाची सहल काढायची आहे, तर कोणकोणते पॉइंट पाहायचे? आणि दोन गटांत घरच्यांनी विचारलेला प्रश्नही एकच होता, “तठी काय आहे पाहाले? दगड न् झाडं!” आज दोन्हींचं उत्तर देते.

आधी पैशाचं. सहलीचा खर्च बचतीच्या किंवा अंतर्गत कर्जाच्या पैशातून करू नका. चार-पाच महिने आधीपासून वेगळी वर्गणी काढा, तिची वेगळी नोंद ठेवा आणि ज्या येणार त्यांनीच ती भरायची. एवढं पाळलं तर नंतर बैठकीत तोंडं फिरत नाहीत.

चिखलदरा समुद्रसपाटीपासून साधारण अकराशे मीटरवर आहे, म्हणजे आपल्या वरूडपेक्षा सहा-सातशे मीटर उंच. म्हणूनच भर दुपारीही हवा चार-पाच अंशांनी थंड लागते. जायला मोर्शी, चांदूर बाजार, परतवाडा आणि पुढे धामणगाव गढीवरून घाट. सकाळी सहाला गाडी निघाली तरी पोचायला दहा वाजतात. ज्यांना घाटात मळमळतं त्यांना पुढे बसवा आणि हातात संत्र्याचं साल द्या. हुंगत राहिलं की बरं वाटतं, आणि आपल्याकडे त्याला काय तोटा!

कधी जायचं? भर पावसाळ्यात, श्रावणात, गर्दी असते आणि धुकंही इतकं की पॉइंटवर उभ्या राहिलात तर समोर नुसती पांढरी भिंत. उन्हाळ्यात धबधबे आटतात. माझ्या मते गणपती बसून उठले की घट बसेपर्यंतचे दिवस सगळ्यात चांगले. धबधब्यांना पाणी असतं, धुकं मधूनमधून उघडतं आणि कापसाची वेचणी अजून लागलेली नसते. पितृपक्ष असतो खरा, पण घरची तिथी तेवढी सोडली की झालं.

आता पॉइंट. गाडीवाले दहा-बारा नावं सांगतात आणि प्रत्येक ठिकाणी दहा मिनिटं थांबवतात. तसं करू नका. चार जागा नीट पाहा.

पहिली भीमकुंड. भीमानं कीचकाला मारून याच दरीत टाकलं आणि कुंडात हात धुतले, कीचकदऱ्याचं चिखलदरा झालं, अशी कथा आहे. पावसाळ्यात इथून पाणी सरळ खाली कोसळतं. पण पाण्याच्या बाजूनं नजर समोरच्या कड्यावर न्या. कड्याला पायऱ्यांसारखे आडवे पट्टे दिसतील. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून लाव्हा वर आला, पसरला आणि थिजला. त्यावर पुन्हा दुसरा थर, मग तिसरा. आपला काळा दगड तो हाच, आणि शेतातली काळी माती त्याच्याच झिजेतून झालेली. पोरांच्या मोबाइलवर अमेरिकेतल्या अ‍ॅरिझोनाचं ग्रँड कॅन्यन तुम्ही पाहिलं असेल. कोलोरॅडो नदीनं कोरलेली 446 किलोमीटर लांब, दीड किलोमीटरहून खोल अशी ती दरी. तिथले थर जुन्या समुद्रांच्या गाळाचे आणि वाळूचे आहेत, तळाचा दगड तर 180 कोटी वर्षांचा. तो मुलूख कोरडा, जवळजवळ उघडा. आपली दरी तेवढी मोठी नाही, पण हिरवी आहे. आपल्या जिल्ह्यात सगळ्यात जास्त पाऊस इथेच पडतो.

दुसरी जागा देवी पॉइंट. पायऱ्या उतरून गेलं की मोठ्या दगडाच्या छताखाली देवीचं ठाणं आहे आणि त्या छतातून पाणी झिरपत राहतं. बऱ्याच जणी नारळ फोडून लगेच फिरतात. पाच मिनिटं थांबा. वर जंगल, त्याखाली भेगाळलेला दगड, त्या भेगांतून मुरलेलं पाणी इथे थेंब थेंब बाहेर येतं. चंद्रभागा नदी इथूनच निघते असं मानतात. ती पुढे अचलपूर तालुक्यात धरणात अडवली आहे आणि मग पूर्णेला मिळते. सापनही याच डोंगरातली. शहानूरचं पाणी अंजनगाव, दर्यापूरकडे जातं. वान धरणाचं पाणी अकोट, तेल्हाऱ्याकडच्या गावांत जातं. हा सगळा खारपाणपट्टा. तिथली विहीर खणली तर खारं पाणी लागतं, डाळ शिजत नाही. दर्यापूरकडे दिलेल्या आपल्या लेकी हंड्यात जे गोड पाणी भरतात, ते मेळघाटच्या या दऱ्यांतून येतं. आणि आपल्याकडे, वरूड-मोर्शीत, संत्र्यापायी बोअर किती खोल गेले ते मी काय सांगू! “दगड न् झाडं” म्हणणाऱ्याला देवी पॉइंटचं ते छत दाखवायला घेऊन जा.

तिसरी, गाविलगड. 1425 साली बहामनी राजवटीत बांधलेला. 15 डिसेंबर 1803 रोजी आर्थर वेलस्लीच्या इंग्रज फौजेनं तो नागपूरकर भोसल्यांकडून घेतला. पुढे नेपोलियनला हरवणारा तो हाच. दिल्ली दरवाजावरचा गंडभेरुंड, म्हणजे दोन तोंडांचा पक्षी, जरूर पाहा. मात्र किल्ला विस्तीर्ण आहे, चाल पुष्कळ आहे. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांना हट्टानं नेऊ नका. त्यांना हरिकेन पॉइंटवर बसवा. तिथून दरी आणि किल्ल्याचा डोंगर बसल्या जागी दिसतो. आमच्या एका गटातल्या सत्तरीच्या आजी तिथे तासभर बसल्या होत्या. किल्ला चढून आलेल्या सुना दमून आल्या तेव्हा त्यांनाच म्हणाल्या, “तुमी काय पाह्यलं ते सांगा, मग मी काय पाह्यलं ते सांगतो.”

चौथी पंचबोल. दरीत हाक मारली की आवाज पाच वेळा परत येतो म्हणून हे नाव. आम्हाला तीनदाच आला, वारा उलटा होता. वाटेत कॉफीची झाडं दिसतील. मोझरी आणि प्रॉस्पेक्ट पॉइंट वेळ उरला तर.

आता ऐका, हे महत्त्वाचं. कठड्याच्या पलीकडे पाय टाकायचा नाही, फोटोसाठी तर नाहीच. धबधब्याच्या वरचा दगड शेवाळानं साबणासारखा होतो. वारा जोराचा असतो, पदर खोचून घ्या. धुकं उतरलं तर आहे तिथेच थांबा, दोन-दोन जणींनी हात धरा. वांदरं पिशव्या ओढतात, डबे गाडीतच उघडा. बाथरूमची सोय पॉइंटवर असेलच असं धरू नका. परतवाड्यात आणि चिखलदरा गावात उरकून घ्या. लाजून पाणी न पिता दिवस काढणाऱ्या बाया मी पाहिल्या आहेत. संध्याकाळपर्यंत डोकं धरतं, सहलीची मजा जाते.

परतताना जवळच्या मोथा गावात थांबा. गवळी समाजाचं गाव, खवा चांगला मिळतो. थंडीत गेलात तर तिथली स्ट्रॉबेरीही मिळेल. घासाघीस बेतानं करा. आपले पापड-लोणचे विकताना आपल्याला कसं वाटतं ते ठाऊकच आहे. आणि त्या बायांना त्यांचा हिशेब, त्यांचा बाजार विचारा. घाट अंधाराआधी उतरायचा, तेव्हा साडेचारला मोथ्यातून गाडी हलली पाहिजे. चहा खाली परतवाड्यात घ्या.