ग्लिम्प्स : बघायचं नसतं, दिसायचं असतं

मागच्या आठवड्यात टक लावून पाहण्याचे शब्द झाले, 'स्टेअर' आणि 'गेझ'. आज नेमकं उलट टोक. 'ग्लिम्प्स' म्हणजे ओझरतं दिसणं. शब्दकोश एवढं सांगून मोकळा होतो आणि गोंधळ तिथेच सुरू होतो, कारण 'ग्लान्स'पुढेही त्याने जवळपास तेच लिहिलेलं असतं. मग पोरं दोन्ही शब्द एकाच माळेत ओवतात.

हा गुंता आपल्याच व्याकरणाने सुटतो. 'मी वाघ पाहतो' आणि 'मला वाघ दिसतो' ही दोन वाक्यं घ्या. वाघाच्या जागी वाघीण आणली, तर पहिल्या वाक्याचं क्रियापद हलत नाही, 'मी वाघीण पाहतो'. दुसरं मात्र लगेच बदलतं, 'मला वाघीण दिसते'. म्हणजे दुसऱ्या वाक्याची मालकीण वाघीण, आपण बाजूला उभे. 'ग्लान्स' हा पाहण्याच्या घरातला शब्द, 'ग्लिम्प्स' दिसण्याच्या. घड्याळावर नजर टाकली तर ती ग्लान्स. झुडपाआडून पट्टे सरकले आणि गेले, तर ती ग्लिम्प्स.

वाघाचं उदाहरण बुलडाण्यात उगाच घेतलेलं नाही. यवतमाळ जिल्ह्यातल्या टिपेश्वर अभयारण्यातल्या एका तरुण वाघाला फेब्रुवारी 2019 मध्ये रेडिओ कॉलर लावली गेली. जूनमध्ये तो घर सोडून निघाला. विदर्भ, मराठवाडा आणि तेलंगणाचा काही भाग तुडवत डिसेंबरात आपल्या ज्ञानगंगा अभयारण्यात येऊन पोहोचला. नऊ महिन्यांत त्याची चाल सुमारे 3,000 किलोमीटर भरली. लोकांनी त्याला 'वॉकर' म्हटलं. कॉलरमुळे अभ्यासकांच्या हाती त्याच्या 5,000 हून अधिक ठिकाणांची नोंद आली. इतकी माहिती, पण यातल्या एकाही नोंदीला ग्लिम्प्स म्हणता येणार नाही, कारण तिथे वाघ कुठे आहे ते कळत होतं, दिसत नव्हतं. तो चालायचाही बहुतेक रात्रीचा. वाटेतल्या एखाद्या शेतकऱ्याला तुरीच्या कडेला पाठमोरा, निम्मा दिसला असेल, तर ती ग्लिम्प्स. थोडा वेळ आणि अपुरं दिसणं, दोन्ही त्यात आलं.

दिसलेली वस्तू लहानच असली पाहिजे, असं मात्र नाही. नांदुऱ्याचा हनुमान 105 फुटांचा. महामार्गावरून धावत्या एसटीच्या खिडकीतून तो क्षणभर दिसून मागे पडला, तरी ती ग्लिम्प्सच. उलट लोणारच्या काठावर बसून तासभर विवर न्याहाळलं, तर हा शब्द तिथे शोभत नाही.

शब्दाचं मूळही याच बाजूने बोलतं. जुन्या इंग्रजीतल्या ज्या कुळातून 'ग्लिमर', म्हणजे मिणमिणणं, आला, त्याच कुळातला 'ग्लिम्प्स'. मधला 'प' मागाहून घुसला. आधी अर्थ होता चमकणे, नंतर चमकून दिसणे. आपल्या 'झळकणे'चा संसार असाच आहे. झळकतं ते समोरचं. आपले डोळे फक्त त्या वेळी तिथे असतात.

आता वापर. नाम म्हणून 'ग्लिम्प्स'मागे 'ऑफ' येतो, 'ग्लान्स'मागे 'ॲट'. 'ग्लिम्प्स ॲट' लिहिलं की गुण गेले. क्रियापद म्हणून वापरलं, तर मध्ये काहीच नको. 'आय ग्लिम्प्स्ड अ टायगर', बस्स. ग्लान्स 'टेक' करता येते, म्हणजे आपल्या मर्जीने टाकता येते. ग्लिम्प्स 'गेट' किंवा 'कॅच' करावी लागते.

हा 'कॅच' मला फार आवडतो. गजानन महाराजांची पालखी आषाढीला शेगावहून पायी पंढरपूरला जाते. परतीच्या खामगाव ते शेगाव टप्प्यात हजारो लोक सोबत चालतात. जे चालतात त्यांना दर्शन घडतच असतं. पण रस्त्याच्या कडेला गर्दीत टाचा उंचावून उभं असलेल्या आजींना दोन डोक्यांच्या फटीतून पालखी दिसते, तेव्हा इंग्रजी वार्ताहर 'टू कॅच अ ग्लिम्प्स' लिहितो. तिष्ठत राहणं आजींच्या हातात आहे, दिसणं नाही. 'दर्शन घेतलं' आणि 'दर्शन झालं' यांत जे अंतर, तेच इथे.

अनेकवचनात या शब्दाला फारच मोकळीक मिळाली आहे. गॅदरिंगच्या तासाभराच्या चित्रफितीवर 'ग्लिम्प्सेस' असतं. हसू येतं खरं, पण याला मोठ्यांचा आधार आहे. नेहरूंनी तुरुंगातून इंदिरेला लिहिलेली 196 पत्रं 1934 मध्ये पुस्तकरूपाने आली. त्या जाडजूड ग्रंथाचं नाव 'ग्लिम्प्सेस ऑफ वर्ल्ड हिस्टरी'! जगाच्या इतिहासापुढे तेवढंही ओझरतंच, असा त्यातला विनय. गॅदरिंगला तो लागू पडतो का, ते मुख्याध्यापकांनी ठरवावं.

राहिला 'ग्लिम्प्स इन्टू'. यात डोळ्यांपेक्षा समजेचं काम जास्त. एखाद्या रोजनिशीतून त्या काळच्या घराची कल्पना आली, तर तिथे 'ऑफ'पेक्षा 'इन्टू' बरा.

पुढच्या भागात 'पीप' आणि 'पीअर'.