तरुणाची ताकद कोठे अडते?

कल्याणहून कर्जतच्या बाजूला निघाले की विठ्ठलवाडी, उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर अशी स्टेशने ओळीने लागतात. वाटेतल्या भिंतींवर आणि खांबांवर एक मजकूर हमखास दिसतो : ‘मर्दानी कमजोरी! खात्रीचा इलाज! नाव गुप्त राहील!’ वाचणारा तरुण इकडेतिकडे पाहतो आणि हळूच नंबर टिपून घेतो. घरी विचारायची सोय नसते, दवाखान्यात सांगायची लाज वाटते. आजचे चार शब्द त्या तरुणासाठी आहेत, त्याच्या आईबापांसाठी आहेत आणि शाळेतल्या गुरुजींसाठीही आहेत. विषय आहे पुरुषाच्या रक्तातल्या एका द्रव्याचा. त्याला टेस्टोस्टेरॉन म्हणतात.

नाव परके वाटले तरी त्याचे काम शेतकऱ्याला चांगले ठाऊक आहे. एकाच गाईचे दोन गोऱ्हे घ्या. एकाला वळू म्हणून राखला आणि दुसऱ्याला वेळेवर खच्ची केला. वळूची मान जाड होते, वशिंड भरते, तो डुरकतो आणि अंगावर धावतो. दुसरा शांतपणे औताला चालतो. वैरण तीच, गोठा तोच. मग फरक कशाने पडला? वृषणांत तयार होऊन रक्तात मिसळणाऱ्या द्रव्याने.

शास्त्राने हे कोंबड्यांवरून ओळखले. १८४९ साली जर्मनीत गटिंगेन येथे बर्थोल्ड नावाच्या प्राध्यापकाने काही कोंबडे खच्ची केले. त्यांचे तुरे सुकले, आरवणे आणि झुंजणे थांबले. काही कोंबड्यांच्या पोटात मात्र त्याने वृषण पुन्हा बसवले. ते पूर्वीसारखे तुरेदार झाले आणि आरवू लागले. जुन्या मज्जातंतूंशी संबंध तुटला असूनही हे घडले. म्हणजे रक्तावाटेच काहीतरी सर्व अंगात पोचत होते. १९३५ साली ते द्रव्य शुद्ध स्वरूपात हाती आले आणि त्याच वर्षी प्रयोगशाळेत बनवताही आले. त्या कामाशी निगडित असलेल्या बुटेनांट आणि रुझिका या दोघा शास्त्रज्ञांना १९३९ चे नोबेल पारितोषिक जाहीर झाले.

मधल्या काळातली एक गोष्टही ऐकण्यासारखी आहे. १८८९ साली पॅरिसमध्ये ब्राऊन-सेकार या बहात्तर वर्षांच्या नामांकित वैद्यकपंडिताने प्राण्यांच्या वृषणांचा अर्क स्वतःला टोचून घेतला आणि आपण तरुण झालो असे सांगितले. पुढे कळले की टेस्टोस्टेरॉन पाण्यात फारसे विरघळत नाही, तेव्हा त्या पाणीदार अर्कात ते नावापुरतेच असणार. आलेली ताकद मनाची होती. एवढ्या मोठ्या विद्वानाला जे फसवू शकले, ते भिंतीवरचा नंबर टिपणाऱ्या तरुणाला फसवणारच!

आता शरीरातला कारभार कसा चालतो ते पाहू. मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी पियुषिका ग्रंथी आहे. तिला आपण मुकादम म्हणू. मुकादम रक्तावाटे हुकूम धाडतो. वृषणांच्या कारखान्यात त्या हुकमाप्रमाणे दोन माल निघतात : एक टेस्टोस्टेरॉन, दुसरे शुक्रजंतू. रक्तात टेस्टोस्टेरॉन पुरेसे झाले की मुकादम हुकूम कमी करतो. बिघाड कारखान्यात असू शकतो किंवा मुकादमाकडे असू शकतो. गालफुगीचा ताप वृषणांत उतरणे, लहानपणी वृषण खाली न उतरणे, जन्मतःच एक जादा गुणसूत्र असणे, ही कारखान्यातली कारणे. पियुषिकेची गाठ हे मुकादमाकडचे कारण. त्यात डोके दुखते, बाजूचे दिसणे कमी होते. पण वाढलेले वजन, मधुमेह आणि झोपेत श्वास अडकवणारे घोरणे, ही कारणे आजच्या तरुणांत नेहमी आढळतात.

समजा, बदलापूरचा एकतीस वर्षांचा एक कामगार आहे. त्याला आपण सदा म्हणू. अंबरनाथच्या औद्योगिक वसाहतीत त्याची पाळी असते, आठवडाआड रात्रपाळी. लग्नाला तीन वर्षे झाली, घरी पाळणा हलला नाही. पोट सुटले आहे, दिवसभर मरगळ असते, इच्छा मंदावली आहे. तो डॉक्टरांकडे जातो आणि म्हणतो,

“डॉक्टरसाहेब, ताकदीचे इंजेक्शन द्या. जिममधला एकजण घेतो, महिन्यात दंड भरले त्याचे.”

“देऊ की नको ते मागाहून. आधी सांगा, रात्री घोरता का?”

“मंडळी म्हणतात, फार घोरतो.”

“सकाळी दाढी पूर्वीइतकीच वाढते? छाती दुखरी किंवा फुगल्यासारखी वाटते? दारू, तंबाखू? मधुमेह तपासलात कधी?”

या प्रश्नांत आडपडदा ठेवू नये. नुसती मरगळ म्हणजे टेस्टोस्टेरॉन कमी, असे नसते. रक्त कमी असेल, थायरॉइड मंद असेल, मन खचले असेल, झोपच पुरी होत नसेल, तरीही माणूस असाच दिसतो. इच्छा कमी होणे, पहाटेची ताठरता जाणे, दाढी विरळ होणे ही लक्षणे मात्र या द्रव्याकडे बोट दाखवतात.

मग येते रक्ताची तपासणी. हे द्रव्य पहाटेच्या सुमारास जास्त असते आणि दिवस चढतो तसे उतरते. म्हणून रात्रभर नीट झोपून, सकाळी उपाशीपोटी, दहाच्या आत रक्त द्यावे. रात्रपाळी उरकून परस्पर प्रयोगशाळेत जाणाऱ्याचा आकडा फसवा येऊ शकतो. त्याने आपली पाळी डॉक्टरांना अवश्य सांगावी. तापात किंवा आजारपणातही ही तपासणी करू नये. आकडा कमी आला तर दुसऱ्या एखाद्या सकाळी ती पुन्हा करावी. साधारणपणे एक डेसिलिटर रक्तात ३०० नॅनोग्रॅमपेक्षा कमी असेल तर डॉक्टर ते कमी धरतात, पण प्रयोगशाळेप्रमाणे ही मर्यादा थोडी हलते. लक्षणे आहेत आणि दोन्ही वेळा आकडा कमी आहे, तरच निदान. त्यानंतर मुकादमाचे हुकूम मोजायचे, म्हणजे बिघाड कोठे ते कळते.

यासाठी जायचे कोठे? पहिली पायरी घराजवळच आहे. उल्हासनगरला शासनाचे मध्यवर्ती रुग्णालय आहे, बदलापूरला ग्रामीण रुग्णालय आहे. अंबरनाथला तर २०२४ साली शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. बाह्यरुग्ण विभागात केसपेपर काढून फिजिशियनना भेटावे, मधुमेह आणि थायरॉइड येथेच पाहून घ्यावे. पुढची गरज पडली तर त्यांची चिठ्ठी घेऊन मुंबईला परळच्या के. ई. एम. रुग्णालयात जावे, तेथे अंतःस्रावी ग्रंथींच्या रोगांचा स्वतंत्र विभाग आहे. जुने कागद बरोबर न्यावेत.

आता सदाच्या इंजेक्शनाकडे येऊ. डॉक्टर त्याला विचारतात, “तुम्हाला मूल हवे आहे ना?” श्रोतेहो, सगळा प्रश्न येथे आहे. बाहेरून टेस्टोस्टेरॉन टोचले की रक्तात ते भरपूर दिसते. मुकादमाला वाटते, माल पुरेसा आहे. तो हुकूम थांबवतो आणि कारखाना बंद पडतो. शुक्रजंतू कमी होतात, पुष्कळदा पार नाहीसे होतात. वृषणे आक्रसतात. औषध थांबवल्यावर कारखाना बहुधा पुन्हा चालू होतो, पण त्याला सहा महिने, वर्ष, कधी त्याहून अधिक काळ लागतो, आणि काहींचा पुरता सुरू होतही नाही. बाप होण्यासाठी आलेल्या माणसाला हे इंजेक्शन दिले तर औषधानेच त्याची वाट अडवली असे होईल. जिममध्ये चिठ्ठीवाचून मिळणाऱ्या गोळ्या-इंजेक्शनांचे असेच आहे. दंड भरतात आणि पाळणा रिकामा राहतो.

मूल हवे असणाऱ्यासाठी उपाय निराळे आहेत. सदासारख्याने वजन उतरवले, घोरण्यावर इलाज केला, झोप नियमित केली, तर आकडा पुष्कळदा आपोआप वर येतो. मुकादमच कमी पडत असेल तर त्याच्या हुकमासारखे काम करणारी इंजेक्शने तज्ज्ञ देतात. त्यांनी दोन्ही माल निघू शकतात. कारखानाच कायमचा बिघडला असेल तर टेस्टोस्टेरॉन जरूर द्यावे लागते, इंजेक्शनाने किंवा अंगाला लावायच्या मलमाने. त्याने असा तरुण चांगला, भरला संसार करतो. मात्र रक्त प्रमाणाबाहेर घट्ट होत नाही ना, हे वेळोवेळी तपासावे लागते. मलम लावलेल्या अंगाला लहान मुलांचा स्पर्शही होऊ देऊ नये.

भिंतीवरच्या जाहिरातींविषयी एवढेच सांगतो. १९५४ साली केंद्राने कायदा करून अशा ताकदीच्या औषधांची जाहिरात करायला बंदी घातली. तो कायदा आजही आहे. आणि असल्या चूर्णांत न सांगता इंग्रजी औषधे मिसळल्याचे देशोदेशीच्या तपासण्यांत आढळले आहे. हृदयविकाराच्या काही गोळ्यांबरोबर ती जिवावर बेतू शकतात.

आईबापांनो, मूल होत नाही म्हटले की आपण सुनेला दवाखान्यात नेतो, नवस बोलतो, मागाहून तिला बोल लावतो. वस्तुतः मूल न होणाऱ्या सुमारे निम्म्या जोडप्यांत पुरुषाकडचेही कारण असते. पुरुषाची वीर्यतपासणी सोपी आणि कमी खर्चाची आहे. ती पहिल्याच भेटीत व्हावी.

गुरुजी, आपल्याकडेही एक काम आहे. वर्गातला एखादा मुलगा चौदा वर्षे पूर्ण झाली तरी वयात येण्याची काहीच खूण दाखवीत नसेल, तर इतर मुले त्याची चेष्टा करतात आणि तो शाळा चुकवू लागतो. पुष्कळदा हा नुसता उशीर असतो. त्याचा बापही असाच उशिरा वाढलेला असतो. कधी मात्र ते आजाराचे पहिले लक्षण असते. त्यात ज्याला वासच येत नाही अशा मुलाला तर विशेष तपासणीची गरज असते. पालकांना एकीकडे बोलावून, मुलाचे नाव वर्गात न काढता, डॉक्टरांचा रस्ता दाखवावा. वेळेवर औषध मिळाले तर आवाज फुटतो, अंग भरते, आणि त्याचे हसणे परत येते.

शेतकरी बैल मलूल दिसला तर गुरांच्या डॉक्टरांना लगेच बोलावतो. त्यात त्याला कसली लाज वाटत नाही. घरातल्या तरुणाला तेवढी तरी मोकळीक द्या. त्यानेही टिपलेला नंबर फाडून टाकावा, एक रजा काढावी, सकाळी उपाशीपोटी निघावे आणि डॉक्टरांना पहिलेच वाक्य खरे सांगावे. मूल हवे असेल तर तेही त्याच वेळी सांगावे.