संगणकाची चुकीची जंत्री आणि ती बदलण्याची मुभा
फर्मवेअरमधील सदोष तक्ते बाजूला सारून लिनक्स यंत्र कसे चालवते, आणि जुना लॅपटॉप वापरणाऱ्याने त्यातून काय घ्यावे?

सिकंदराबादेतील पार्क लेनवरचे चेनॉय ट्रेड सेंटर ही हैदराबाद परिसरातील संगणक आणि सुट्या भागांची प्रसिद्ध बाजारपेठ. म्हापसा किंवा मडगावच्या दुकानदाराला जो प्रश्न सध्या भेडसावतो, तोच तिथल्या दुकानदारालाही भेडसावतो. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने ‘विंडोज १०’चे नियमित समर्थन थांबवले. ‘विंडोज ११’साठी टीपीएम २.० ही सुरक्षा-चिप आणि ठराविक पिढीचा प्रोसेसर लागतो. त्यामुळे धडधाकट असलेले असंख्य लॅपटॉप कागदोपत्री निकालात निघाले. त्यांना पुन्हा कामाला लावण्याचा सर्वांत स्वस्त मार्ग म्हणजे लिनक्स. हैदराबादची ‘स्वेच्छा’ ही मुक्त सॉफ्टवेअर संस्था गेली अनेक वर्षे हाच मार्ग सांगत आली आहे. तेलुगू भाषेतील लिनक्स प्रणाली तयार करणारी संस्था म्हणून ती ओळखली जाते.

परंतु लिनक्स बसवल्यावर काही यंत्रांवर विचित्र अडचणी उद्भवतात. झाकण मिटल्यावर झोपी गेलेला लॅपटॉप जागाच होत नाही, बॅटरीची टक्केवारी गोठून राहते, पंखा अखंड फिरत राहतो किंवा मुळीच फिरत नाही. क्वचित कळफलकही दाद देत नाही. ग्राहक लिनक्सला दोष देतो आणि दुकानदार मान डोलावतो. खरा दोष मात्र पुष्कळदा यंत्राच्या पोटातल्या फर्मवेअरचा असतो. तो दोष वापरकर्त्याला दूर करता येतो, हे फारसे कुणाला ठाऊक नसते.

यंत्राची जंत्री

संगणक सुरू होताच सर्वप्रथम जागे होते ते फर्मवेअर, म्हणजे मदरबोर्डवरील चिपमध्ये साठवलेला मूळ प्रोग्राम. जुन्या भाषेत त्याला बायोस म्हणत, आज त्याचे रूप यूईएफआय हे आहे. ते कार्यप्रणालीच्या हाती एक जंत्री सोपवते. यंत्रात प्रोसेसर किती, कोणते उपकरण कोणत्या पत्त्यावर, बॅटरीची स्थिती कोणाला विचारायची, पंखा कसा चालवायचा, झोपायचे कसे आणि उठायचे कसे, हे सारे त्या जंत्रीत असते.

या जंत्रीचे नियम ‘एसीपीआय’ या मानकाने ठरवले. इंटेल, मायक्रोसॉफ्ट आणि तोशिबा या कंपन्यांनी त्याची पहिली आवृत्ती डिसेंबर १९९६ मध्ये प्रसिद्ध केली. २०१३ पासून हे मानक यूईएफआय फोरमच्या देखरेखीखाली आहे. त्यापूर्वी वीजबचतीचे बहुतेक निर्णय बायोस स्वतःच घेत असे. एसीपीआयने ते अधिकार कार्यप्रणालीकडे सोपवले आणि फर्मवेअरकडे माहिती पुरवण्याचे काम ठेवले.

जंत्रीतील प्रत्येक तक्त्याला चार अक्षरी नाव असते. त्यांपैकी ‘डीएसडीटी’ हा सर्वांत मोठा आणि महत्त्वाचा. त्यात नुसती आकडेवारी नसते, छोट्या छोट्या कार्यपद्धती लिहिलेल्या असतात. निर्मात्याचा अभियंता त्या ‘एएसएल’ नावाच्या भाषेत लिहितो. मग त्यांचे ‘एएमएल’ या सांकेतिक रूपात भाषांतर होते आणि कार्यप्रणालीचा गाभा, म्हणजे कर्नल, ते वाचून अमलात आणतो. लिनक्स आणि फ्रीबीएसडी या दोन्ही प्रणाली या वाचनासाठी इंटेलने खुला केलेला ‘एसीपीआयसीए’ हा एकच दुभाषा वापरतात. थोडक्यात, फर्मवेअर कंपनीने लिहिलेला प्रोग्राम कर्नलच्या आत, कर्नलच्याच अधिकाराने चालतो. त्यात चूक असेल तर तिचे परिणामही तितकेच खोलवर जातात.

चूक शिरते कुठे?

फर्मवेअरचा पाया मोजक्याच कंपन्या पुरवतात. अमेरिकन मेगाट्रेंड्स, फिनिक्स आणि इनसाइड ही त्यांतील ठळक नावे. पहिल्या कंपनीचे मोठे केंद्र चेन्नईत आहे. लॅपटॉप विकणारी कंपनी हा पाया घेऊन प्रत्येक मॉडेलसाठी त्यात फेरफार करते. मागच्या मॉडेलची संहिता पुढच्या मॉडेलमध्ये जशीच्या तशी उतरते आणि नसलेल्या उपकरणांच्या नोंदी तशाच राहून जातात. एकाच वस्तूची नोंद दोनदा होते, तर एखादी कार्यपद्धती उत्तर देण्याचे वचन देऊन उत्तर न देताच संपते.

विंडोजवर यंत्र चालले की चाचणी पूर्ण झाली, असा बाजाराचा रिवाज आहे. मायक्रोसॉफ्टचा एएसएल अनुवादक अशा चुकांकडे बराच काणाडोळा करत आला. इंटेलचा ‘आयएएसएल’ हा अनुवादक त्याच संहितेवर इशाऱ्यांची रांग लावतो. लिनक्स सुरू होताना नोंदवहीत ‘फर्मवेअर बग’ असा शिक्का मारलेल्या ओळी दिसतात, त्या याच कारणाने.

‘तू विंडोज आहेस का?’

या जंत्रीत आणखी एक मजेशीर प्रकार दडलेला असतो. फर्मवेअर कार्यप्रणालीला तिची ओळख विचारते आणि उत्तर पाहून आपले वागणे बदलते. त्यासाठी ठरलेली नावे आहेत. ‘विंडोज २००९’ म्हणजे विंडोज ७, ‘विंडोज २०१५’ म्हणजे विंडोज १०. लिनक्स या सगळ्या प्रश्नांना ‘होय’ असे उत्तर देते. हा खोटेपणा नाइलाजाचा आहे, कारण निर्मात्याने तपासलेली वाट विंडोजची असते आणि सुरक्षित वाटही तीच.

एके काळी लिनक्स ‘तू लिनक्स आहेस का?’ या प्रश्नालाही होकार देत असे. त्यातून झाले भलतेच. काही निर्मात्यांनी लिनक्ससाठी वेगळी वाट लिहिली, पण ती कधी तपासली नाही. शेवटी २००७ मध्ये आलेल्या २.६.२३ या आवृत्तीपासून कर्नलने त्या प्रश्नाला नकार देण्याचे धोरण स्वीकारले. पुढच्याच वर्षी फॉक्सकॉनच्या एका मदरबोर्डवरून वाद पेटला. एका वापरकर्त्याने तक्ता उलगडून त्यातील लिनक्सची वाट सदोष असल्याचे दाखवले आणि हे मुद्दाम केल्याचा आरोप केला. कर्नलच्या जाणकारांना त्यात कपटापेक्षा निष्काळजीपणा अधिक दिसला. पुढे कंपनीने सुधारित बायोस दिले.

संशयाला मात्र पार्श्वभूमी होती. बिल गेट्स यांनी जानेवारी १९९९ मध्ये सहकाऱ्यांना पाठवलेला एक अंतर्गत संदेश अमेरिकेतील खटल्यात उघड झाला होता. एसीपीआयच्या विस्तारांचा लाभ आयताच लिनक्सला मिळू नये, यासाठी काही करता येईल का, असा विचार त्यात मांडलेला होता. तसे प्रत्यक्षात केले गेले, असे त्या संदेशावरून सिद्ध होत नाही.

दुरुस्तीची पद्धत

लिनक्समध्ये ‘एसीपीआय टेबल अपग्रेड’ ही सोय आहे. तिचे तत्त्व सोपे आहे. फर्मवेअरच्या चिपला हात लावायचा नाही. यंत्र सुरू होताना तक्ता स्मृतीत येतो, तेव्हा त्याच्या जागी सुधारित प्रत ठेवायची.

पहिली पायरी म्हणजे तक्ते बाहेर काढणे. ‘एसीपीआयडम्प’ या साधनाने ते मिळतात आणि ‘एसीपीआयएक्सट्रॅक्ट’ने सुटे होतात. दुसऱ्या पायरीवर आयएएसएल सांकेतिक रूपाचे पुन्हा वाचता येणाऱ्या संहितेत रूपांतर करतो. तिसऱ्या पायरीवर चूक शोधून सुधारायची. सुधारणा अनेकदा दोन-चार ओळींची असते, शोधायलाच रात्री जातात. प्रत्येक तक्त्याच्या आरंभी ३६ बाइटांचे मथळ्याचे क्षेत्र असते. त्यात निर्मात्याची खूण, तक्त्याची खूण आणि आवृत्ती क्रमांक असतो. हा क्रमांक एकाने तरी वाढवावा लागतो. दोन्ही खुणा जुळल्या आणि क्रमांक मोठा असला, तरच कर्नल मूळ तक्त्याऐवजी नवा तक्ता स्वीकारतो. तक्त्यातील सर्व बाइटांच्या बेरजेचा ताळाही जुळावा लागतो, पण ते काम अनुवादक स्वतः करतो.

तयार झालेली फाइल ठराविक नावाच्या फोल्डरात ठेवून तिचे न दाबलेले सीपीआयओ गाठोडे बांधतात आणि ते आरंभीच्या स्मृतिचित्राच्या, म्हणजे ‘इनिटआरडी’च्या, अगदी पुढे जोडतात. कर्नल आपले इतर काम हाती घेण्यापूर्वीच ते वाचतो. फ्रीबीएसडीत हेच काम आरंभक फाइलीतील दोन ओळींवर भागते.

बदललेल्या तक्त्याची नोंद कर्नल स्वतःकडे ठेवतो. ‘ए’ या अक्षराचा डाग त्याच्या माथी लागतो. अशा यंत्राची तक्रार कर्नलच्या विकसकांकडे गेली, तर हा डाग पाहून त्यांना कळते की या यंत्राची जंत्री मूळची राहिलेली नाही. मुभा आहे, पण तिचा हिशेबही आहे.

२०१८ चा धडा

या सोयीचे महत्त्व पटवणारे एक उदाहरण २०१८ मधले आहे. लेनोवोच्या थिंकपॅड एक्स-१ कार्बन या लॅपटॉपची सहावी पिढी तेव्हा बाजारात आली. तिच्या फर्मवेअरने विंडोजच्या नव्या पद्धतीची हलकी झोप दिली होती. ‘एस-३’ या जुन्या गाढ झोपेची नोंद मात्र तक्त्यात नव्हती. लिनक्स वापरणाऱ्यांनी लॅपटॉप मिटून पिशवीत ठेवला की बॅटरी उतरू लागे. वापरकर्त्यांनी डीएसडीटी उलगडला, त्यात एस-३ची नोंद घातली, क्रमांक वाढवला आणि यंत्र गाढ झोपू लागले. ही कृती जगभर पसरली. त्याच वर्षी कंपनीने नवे बायोस आणले आणि त्यात झोपेच्या पद्धतीसाठी ‘लिनक्स’ असा स्वतंत्र पर्याय दिला.

या सोयीचा खरा उपयोग असा आहे. कर्नलच्या दस्तऐवजातही हेच सुचवले आहे की चूक आढळल्यास निर्मात्याकडे तक्रार करावी आणि त्याचे सुधारित फर्मवेअर येईपर्यंत या मार्गाने काम चालवावे. तात्पुरती दुरुस्तीच चुकीचा पुरावा ठरते. ‘तुमचे यंत्र बिघडले आहे’ असे म्हणणे वेगळे आणि ‘या ओळीत ही नोंद नाही, घातल्यावर यंत्र चालले’ असे दाखवून देणे वेगळे.

सावधगिरी कुठे?

तक्ता बदलणे हा शेवटचा उपाय आहे. आधी निर्मात्याचे ताजे फर्मवेअर बसवून पाहावे. अनेक कंपन्यांची फर्मवेअर आता ‘एफडब्ल्यूअपडी’ या साधनाद्वारे थेट लिनक्सवरूनही मिळतात. त्यानंतर कर्नलला आरंभीच ‘ओळख’ बदलून सांगणारा पर्याय वापरून पाहावा. नव्या आवृत्तीचा कर्नलही उपयोगी पडतो, कारण ज्ञात सदोष मॉडेलांची यादी आणि त्यांवरचे उपाय त्यात सतत भरले जातात. काही लॅपटॉपांचे बंद पडलेले कळफलक असेच सुरू झाले.

दुसऱ्याने सुधारलेला तक्ता उचलून आपल्या यंत्रात कधीही घालू नये. एकाच मॉडेलच्या दोन यंत्रांतही बायोसची आवृत्ती किंवा स्मृतीची क्षमता वेगळी असली, तर तक्त्यातील पत्ते बदलतात. चुकीच्या पत्त्यावर लिहिले गेले, तर पंखा आणि तापमान यांचे नियंत्रण बिघडू शकते. फर्मवेअर अद्ययावत केल्यावर जुना सुधारित तक्ता आठवणीने काढून टाकावा, कारण तो आता नव्या जंत्रीवर जुनी जंत्री लादत असतो. बदल करण्यापूर्वी मूळ स्मृतिचित्राची नोंद आरंभसूचीत राखून ठेवावी. यंत्र अडलेच तर त्या नोंदीवरून ते पूर्ववत सुरू होते.

सुरक्षेचा प्रश्नही आहे. हे तक्ते कर्नलच्या अधिकाराने चालत असल्याने त्यांत दुष्ट संहिता दडवता येते, हे २००६ च्या ब्लॅक हॅट परिषदेत दाखवून दिले गेले होते. म्हणून २०१९ मधील ५.४ या आवृत्तीपासून कर्नलमध्ये ‘लॉकडाउन’ची व्यवस्था आली. अनेक वितरणांत सिक्युअर बूट चालू असताना ती आपोआप लागू होते आणि बाहेरचा तक्ता नाकारते. तक्ता बदलायचा तर ते कुलूप उघडावे लागते. कार्यालयीन किंवा बँकेच्या कामाच्या यंत्रावर हा सौदा परवडणारा नाही.

कायदा आणि ग्राहक

विकत घेतलेल्या यंत्राचा प्रोग्राम उलगडून पाहणे कायद्यात बसते का? भारतीय कॉपीराइट कायद्याचे कलम ५२ याबाबत बरेच उदार आहे. १९९९ च्या दुरुस्तीने त्यात अशी तरतूद झाली की कायदेशीर ताबा असलेल्या व्यक्तीला दोन प्रोग्रामांचा मेळ घालण्यासाठी आवश्यक ती माहिती मिळवता येते, मात्र ती अन्यथा सहज उपलब्ध नसावी. आपल्या यंत्रापुरता तक्ता अभ्यासणे आणि निर्मात्याचा संपूर्ण तक्ता सर्वत्र वाटणे, या दोन गोष्टींत फरक आहे. वाटायचाच असेल तर केवळ बदललेल्या ओळींचा फरक वाटण्याचा प्रघात अधिक सुरक्षित.

डिसेंबर २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने ‘राइट टू रिपेअर’ पोर्टल सुरू केले. दुरुस्तीच्या हक्काची चर्चा बहुधा पडदा, बॅटरी आणि सुटे भाग यांभोवती फिरते. फर्मवेअर मात्र त्या चर्चेत अभावानेच येते. भाग शाबूत असूनही केवळ चुकीच्या नोंदीमुळे यंत्र निकामी ठरत असेल, तर ती नोंद सुधारून मागणे हाही दुरुस्तीचाच हक्क आहे.

केरळमधील सरकारी शाळा ‘काइट’ या संस्थेने तयार केलेल्या लिनक्सवर चालतात. तिथे शाळाशाळांतून यंत्रे आणि प्रणाली यांची सांगड मोठ्या प्रमाणावर घातली गेली. गोव्यातही शाळा, वाचनालये आणि पंचायती यांच्याकडील जुनी यंत्रे पुन्हा वापरात आणायची, तर खरेदीपूर्वी आणि वाटपापूर्वी एक साधी चाचणी पुरते. पेनड्राइव्हवरून लिनक्स काहीही न बसवता सुरू करावे. झाकण मिटून लॅपटॉप झोपवावा आणि उठवावा, बॅटरीचा आकडा हलतो का पाहावे, पंखा ऐकावा, कळफलक आणि वाय-फाय तपासावे, शेवटी नोंदवहीतील ‘फर्मवेअर बग’च्या ओळी चाळाव्यात. पाऊण तासाच्या या तपासणीतून कोणते यंत्र निर्धोक घ्यावे, कोणत्याचे बायोस आधी बदलावे आणि कोणते विक्रेत्याला परत करावे, हे पैसे मोजण्यापूर्वीच ठरवता येते.