दोन देश, तीन नगरपालिका आणि एक कारभार

इटलीच्या ईशान्य टोकाला गोरीत्सिया हे साधारण 34 हजार वस्तीचं शहर आहे. त्याला अगदी खेटून स्लोव्हेनियात नोव्हा गोरित्सा वसलेलं आहे. दोन्हींच्या मधून देशाची सीमा जाते. काही ठिकाणी रस्त्याच्या एका बाजूला एक देश आणि दुसऱ्या बाजूला दुसरा. नदी दोघांची एकच. इटलीत तिला इझोंत्सो म्हणतात, स्लोव्हेनियात सोचा. नदीकाठचा रस्ता, रुग्णसेवा, बससेवा हे विषयही दोघांचे सारखेच. पण कायदे वेगळे, भाषा वेगळ्या, अंदाजपत्रकं वेगळी. अशा परिस्थितीत दोन देशांतल्या नगरपालिका एकत्र काम करतात म्हणजे नेमकं काय करतात, ते या उदाहरणातून टप्प्याटप्प्यानं समजून घेऊ.

सीमा आली कुठून?

दुसऱ्या महायुद्धानंतर 1947 च्या पॅरिस करारानं इथली सीमा नव्यानं आखली गेली. जुनं गोरीत्सिया शहर इटलीकडे राहिलं. त्याच्या उत्तरेचं रेल्वे स्थानक आणि पूर्वेची गावं युगोस्लाव्हियात गेली; स्लोव्हेनिया तेव्हा त्याचाच भाग होता. या गावांची बाजारपेठ, दवाखाना, शाळा सगळं पलीकडे राहिलं, म्हणून युगोस्लाव्हियानं 1948 पासून नोव्हा गोरित्सा हे नवं शहर उभारायला घेतलं. वास्तुविशारद एडवर्ड राव्हनिकार यांनी त्याचा आराखडा केला. पुढे 2004 मध्ये स्लोव्हेनिया युरोपीय संघात आला आणि स्थानकासमोरच्या चौकातलं कुंपण निघालं. 2007 च्या डिसेंबरात स्लोव्हेनिया शेंगेन व्यवस्थेत आला आणि सीमेवरची तपासणीही थांबली.

माणसं मोकळेपणी ये-जा करू लागली. नगरपालिकांना मात्र ती मोकळीक आपोआप मिळाली नाही.

अडचण कायद्याची

नगरपालिकेला अधिकार मिळतात ते तिच्या देशाच्या कायद्यानं, आणि ते तिच्या हद्दीपुरते असतात. परदेशाशी करार करणं हे केंद्र सरकारचं काम. दुसऱ्या देशातल्या रस्त्यावर पैसा खर्च केला, तर स्वतःच्या लेखापरीक्षकाला काय सांगायचं, हा पहिला प्रश्न उभा राहतो.

यातून वाट काढायला युरोपात अनेक वर्षं लागली. जर्मनी आणि नेदरलँड्सच्या सीमेवर ग्रोनाऊ इथे 1958 मध्ये शेजारच्या गावांनी एकत्र येऊन काम सुरू केलं, पण तो मुख्यतः आपसातल्या विश्वासावर चालणारा मामला होता. युरोप परिषदेनं 1980 मध्ये माद्रिद इथे एक करार केला आणि स्थानिक संस्थांच्या सीमापार सहकार्याला देशांनी वाट मोकळी करावी, हे तत्त्व लेखी आलं. 1990 पासून युरोपीय संघाच्या ‘इंटररेग’ कार्यक्रमातून अशा कामांना पैसा मिळू लागला.

छोट्या कामांना साधी व्यवस्थाही पुरते. स्वीडनचं हापारांडा आणि फिनलंडचं टॉर्निओ ही जोडशहरं आपलं सांडपाणी एकाच केंद्रात शुद्ध करतात. केंद्र हापारांडात आहे, ते चालवणारी कंपनी दोघांच्या मालकीची आहे. काम एक, जागा एक, मालक दोन. कंपनी कायद्यातच ते बसतं. पण कामं अनेक असतील, ती दोन्ही बाजूंना पसरलेली असतील आणि त्यात सार्वजनिक पैसा ओतायचा असेल, तर वेगळं साधन लागतं.

संयुक्त संस्था कशी उभी राहते?

ते साधन 2006 मध्ये आलं. युरोपीय संघाच्या 1082/2006 या नियमानं ‘प्रादेशिक सहकार्याचा युरोपीय गट’ नावाची नवी कायदेशीर संस्था अस्तित्वात आणली. निदान दोन देशांतल्या सार्वजनिक संस्थांना मिळून ती स्थापता येते. तिला स्वतःची मालमत्ता घेता येते, कर्मचारी नेमता येतात, कोर्टात जाता येतं.

स्थापनेचा क्रम असा. आधी सभासद संस्था एक करार लिहितात: गटाचं काम काय, क्षेत्र कोणतं, मुख्यालय कुठे. मुख्यालय ज्या देशात, त्या देशाचा कायदा गटाला लागू होतो. मग नियमावली येते: निर्णय कसे घ्यायचे, कामकाजाच्या भाषा कोणत्या, कोणी किती पैसे द्यायचे. हे कागद घेऊन प्रत्येक सभासद आपापल्या सरकारकडे मंजुरीला जातो. 2013 च्या दुरुस्तीनंतर सरकारनं सहा महिन्यांत हरकत घेतली नाही तर मंजुरी मिळाली असं धरलं जातं. मुख्यालयाच्या देशाची मंजुरी मात्र स्पष्टच लागते. शेवटी नोंदणी होते. पोलीस, न्याय आणि परराष्ट्र धोरण असे अधिकार या गटाला देता येत नाहीत.

गोरीत्सिया, नोव्हा गोरित्सा आणि स्लोव्हेनियातलीच तिसरी शेजारीण शेम्पेटर-व्हर्तोय्बा यांनी 2010 मध्ये असा करार केला आणि 2011 मध्ये गटाची नोंदणी झाली. मुख्यालय गोरीत्सियात आहे, म्हणून कायदा इटलीचा. बरोबरी राखली आहे ती सभेत: 14 सभासदांपैकी निम्मे इटलीकडचे, निम्मे स्लोव्हेनियाकडचे. कायदा एका बाजूचा आणि मतं समसमान, हा या रचनेचा तोल आहे.

पैसा आणि काम

‘इंटररेग’मध्ये एरवी प्रत्येक भागीदार आपल्या बाजूचा निधी घेतो आणि आपल्या बाजूला खर्च करतो. त्यामुळे अनेकदा एकाच नावाखाली दोन निरनिराळी कामं होतात. इथे 2014 ते 2020 या कालखंडात 1 कोटी युरो थेट गटाला मिळाले. निविदा काढणारा एक, हिशेब देणाराही एक. निम्मा पैसा नदीकाठच्या पायवाटा, सायकलमार्ग आणि हिरवळीच्या जागांसाठी होता, निम्मा आरोग्यसेवेसाठी.

पायवाटेचं काम तुलनेनं सोपं. पैसा गटाचा असला तरी बांधकामाचे नियम जमीन ज्या देशात आहे तिथलेच पाळावे लागतात. निविदेचे नियम मुख्यालयाचे की कामाच्या जागेचे, हे आधीच ठरवून ठेवता येतं. आरोग्याचं काम खरा कस पाहणारं. मानसिक आरोग्य, स्वमग्न मुलं, गरोदरपणातली देखभाल यांसाठी दोन्हीकडच्या तज्ज्ञांना एकत्र आणायचं, तर डॉक्टरची नोंदणी कुठली, रुग्णाचे कागद कोणत्या भाषेत आणि खर्च कोणत्या देशाचा विमा देणार, याचं उत्तर प्रत्येक सेवेसाठी निराळं शोधावं लागतं. सामाईक विहिरीवर पाण्याच्या पाळ्या आधी बांधून घेतल्या तरच भाऊबंदकी टळते, तसंच इथेही.

मर्यादा

मार्च 2020 मध्ये करोनाच्या साथीत त्याच चौकात पुन्हा कुंपण उभं राहिलं आणि जूनपर्यंत राहिलं. ऑक्टोबर 2023 मध्ये इटलीनं स्लोव्हेनियाच्या सीमेवर पुन्हा तपासणी सुरू केली. दोन्ही निर्णय राजधान्यांमध्ये झाले. नगरपालिकांचा गट ते अडवू शकत नव्हता. सीमा राज्यांचीच राहते, आणि हे सहकार्य ती गोष्ट नाकारून चालत नाही.

तरीही मला या गटाचं महत्त्व मोठं वाटतं. तीन पालिकांची एक सभा, एक कचेरी आणि एक हिशेबवही असल्यामुळे दोन्ही शहरांना 2025 ची युरोपीय सांस्कृतिक राजधानी हा मान एकत्र घेता आला आणि तो कार्यक्रम पार पाडायची यंत्रणाही हाताशी होती. मैत्रीची भाषणं महापौर बदलले की विरतात. कोणत्या कामाला कोणता कायदा, कोणाचा पैसा आणि कोणाची जबाबदारी हे एकदा लिहून ठेवलं, की पुढच्या महापौराला तिथूनच पुढे जाता येतं. शेजार टिकतो तो अशा कंटाळवाण्या, चोख कागदांवर, आणि ते लिहायला बसणाऱ्यांचं कौतुक व्हायला हवं.